सोनेरी परवाना आणि गंजकी गाडी

ओनिबारा, २० ऑक्टोबर

आदरणीय मेव्हणेबुवा मोरिओसान यांच्या सेवेशी केन्साकूचा कमरेतून वाकून नमस्कार.

इकडे भात कापून झालं, पेंढ्या बांबूवर वाळत घातल्या, आणि रताळी यंदाही रानडुकरांनी आमच्याआधी काढून नेली. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागली आहे. अशा दिवसांत तुमचं खुब्याचं दुखणं कसं आहे? कोबेची हवा समुद्राची, तेव्हा इथल्यासारखी थंडी हाडांत शिरत नसेल अशी आशा करतो. चिरंजीव आणि सूनबाई ठीक असतील. (सूनबाईंनी पाठवलेल्या खायच्या समुद्री शेवाळाच्या डब्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, ते या कंसात मानतो.) माझी प्रकृती उत्तम आहे. भूक उत्तम, झोप उत्तम, शेजार उत्तम. गावात अजून अकरा घरांत दिवे लागतात, म्हणजे गर्दीच म्हणायची. तेव्हा माझी काळजी करू नये, आणि केवळ माझ्यासाठी म्हणून इकडे येण्याचा त्रास तर मुळीच घेऊ नये. पत्र लिहायचं कारण निराळंच आहे. मी गाडी घेतली.

साधी नाही. चारही चाकांना जोर देणारी, छोट्या इंजिनाची, दगडाधोंड्यांतून चढणारी, जुनी. आता तुम्ही चष्मा काढून पुसणार आणि म्हणणार, "अहो केन्साकूसान, तुम्हाला गाडी चालवता कुठे येते?" यावर माझं उत्तर असं की माझ्याकडे परवाना आहे आणि तो सोनेरी पट्टीचा आहे. सलग पाच वर्षं एकही चूक न करणाऱ्यालाच सरकार तो देतं, आणि मी तर एकोणचाळीस वर्षांत एकही चूक केलेली नाही. (एकोणचाळीस वर्षांत गाडीही चालवलेली नाही, हा मुद्दा परवान्यावर कुठेही छापलेला नसतो.) तुमच्या परवान्यावर निळी पट्टी आहे हे मला तुमच्या बहिणीनंच, सातोएनं, सांगितलं होतं. कोबे स्टेशनासमोर चुकीच्या जागी गाडी लावल्याचा तो परिणाम. मी कुणाला हिणवत नाही, नुसती नोंद करतो. मोजणी खात्यात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाची ती सवय आहे.

गाडी कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. पलीकडच्या खोऱ्यातल्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत त्या दिवशी आसपासच्या सगळ्या छोट्या फोर व्हील गाड्या जमतात आणि खालपासून वरच्या कड्यापर्यंत चढतात. सातोए तिथे एकतीस वर्षं चढली. गाडी ती चालवायची आणि मी पुढे चालायचो. चढणीला पोचलो की मी डावीकडच्या दारानं उतरायचो, दगड बघायचो, आणि तिच्याकडे तोंड करून, उलटा चालत, हातांनी दाखवायचो: डावं, अजून डावं, थांब, आता हळू. लोक म्हणायचे, इसोगाइ नवरा-बायको घरात एकमेकांशी बोलत नसतील इतकं खाणीत बोलतात. खरं होतं ते. घरात आम्ही फारसं बोलायचो नाही. हातांनी तिला वाट दाखवायची, एवढं एकच काम मला या जगात नीट जमलं. यंदा मला पुन्हा त्या खाणीत जायचं आहे. सातोएला जाऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत माझ्या हातांनी कुणाला काही सांगितलेलं नाही.

आमची जुनी हिरवी गाडी असती तर हा खटाटोप करावा लागला नसता. पण सातोएच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही फोन करून भंगारवाल्याचा ट्रक बोलावलात. म्हणालात, "दारात उभी राहिली की रोज डोळ्यांपुढे येईल. आणि तुम्ही काय चालवणार आहात थोडीच?" त्याबद्दल मी रागावलो नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही. (रागावलो असतो तर दोन वर्षं पत्र लिहिलं नसतं. दोन वर्षं पत्र लिहिलं नाही हे खरं आहे, पण त्याला कारण शाई.) वर्षश्राद्धाला तुम्ही आलात तेव्हा आपण दोघं दीड तास पावसाच्या अंदाजावर बोललो, तेही मला आठवतं. तुम्हाला एक गोष्ट मात्र माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा आत चहा घेत होता. ट्रक गाडी ओढून नेऊ लागला तेव्हा फाटकाशी वळण अरुंद होतं, ट्रकवाल्याला मागचं दिसेना, आणि मी सवयीनं पुढे जाऊन हात दाखवू लागलो. डावं, अजून डावं, थांब, आता हळू. तिची गाडी मीच बाहेर काढून दिली, मेव्हणेबुवा. कुठे ओरखडासुद्धा येऊ दिला नाही.

असो. गाडी निवडण्याविषयी लिहितो, म्हणजे तुमचं ज्ञान वाढेल.

पहिल्यांदा बसनं हामादाला गेलो. तिथल्या जुन्या गाड्यांच्या एका अड्ड्यावर एक निळी गाडी होती, तिला मालकानं इतकी मोठी चाकं लावली होती की दाराची कडी माझ्या कानाशी येत होती. विकणारा पोरगेला गृहस्थ बिअरच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट घेऊन आला आणि माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "चढा आजोबा." मी चढलो. बसलो. काचेतून समोर बघत राहिलो. तो बाहेर उभा, मी आत बसलेला, असा बराच वेळ गेला. शेवटी तो काचेवर टकटक करून म्हणाला, "आजोबा, स्टिअरिंग पलीकडे आहे." मी डावीकडे बसलो होतो. मी म्हटलं, माहीत आहे, आधी या बाजूची तपासणी चालू आहे. मग तपासणी केल्यासारखं करणं भाग पडलं, म्हणून समोरचा कप्पा उघडला, तर त्यात आधीच्या मालकाचा अर्धा खाल्लेला भाताचा गोळा निघाला. त्या मुद्द्यावर मी व्यवहार मोडला.

दुसरीकडे मात्र शहाण्यासारखा वागलो. जुनी फोर व्हील गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नये, आधी खाली सरपटावं आणि सांगाडा बघावा, हे सातोएचं तत्त्व. आमच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात, ते लोखंड खातं, आणि विकणारे वरून काळा रंग फासतात. ती एक छोटी हातोडी जवळ ठेवायची. ठोकल्यावर टण् वाजलं तर लोखंड, थप् वाजलं तर नुसता रंग. तीच हातोडी घेऊन मी गेलो, खाली शिरलो, ठोकलं. टण् नाही आणि थप्‌ही नाही. हातोडी आत गेली. मनगटापर्यंत. मी बाहेर येऊन वाकून म्हणालो, माफ करा, तुमच्या गाडीला भोक पडलं. मालक माझ्यापेक्षा खाली वाकून म्हणाला, नाही नाही, असली गाडी तुम्हाला दाखवली, माफी मी मागायला हवी. मी आणखी खाली वाकलो. तो आणखी. असं करता करता आम्ही दोघं जवळजवळ गुडघ्यांशी बोलू लागलो. मग त्यानं चहा दिला, त्याच्या बायकोनं लोणच्याचा मुळा दिला, आणि एवढं झाल्यावर रिकाम्या हातांनी कसं उठायचं म्हणून मी त्याच्याकडून पायाखालचे चार रबरी गालिचे विकत घेऊन आलो. तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. गालिचे होते.

तिसरी गाडी सगळ्यांत चांगली होती. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या जाहिरातीवरून गेलो. नाकादोइ नावाच्या बाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, घर डोंगराच्या कुशीत एकटं. शेडमध्ये गाडी अशी की सांगाडा सगळीकडे टण् वाजतो, टायर नवे, आत चहाचा एक डागसुद्धा नाही. बाईंनी गाडीची सगळी हकीकत सांगितली, म्हणजे खरं तर त्यांच्या यजमानांची सांगितली, आणि मग जेवायला वाढलं. भाजलेला मासा, सुरणाच्या पिठाची वडी, गरम भात. किंमत विचारली की म्हणायच्या, "घाई काय आहे? गाडी एकदा बघून कळत नाही, पुन्हा या." मी पुन्हा गेलो. पुन्हा जेवलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा रस्त्यावरच्या दुकानदारानं विचारलं, "नाकादोइबाईंची गाडी बघायला निघालात का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "चार वर्षं विकतायत त्या. दर महिन्याला जाहिरात देतात. गेल्या हिवाळ्यात मीसुद्धा दोनदा बघून आलो, रानडुकराचं मटण काय सुंदर झालं होतं."

मी तरी गेलोच. जेवल्यावर बाईंना सरळ विचारलं, गाडी विकायची आहे ना? त्यांनी माझ्या वाटीत आणखी रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "तुम्ही तीनदा आलात, तीनही वेळा त्या डाव्या बाजूलाच बसलात. मी काही विचारलं का?" निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. बरोबर लोणच्याची बरणी दिली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी बरणी परत आणा. रिकामी बरणी माझ्या ओट्यावर आहे. गाडी विकायची नसताना माणसं बोलवायची ही काय रीत झाली, असं आधी मनात आलं. आमच्या त्या दिवसातून दोनदा येणाऱ्या बसमध्ये एकटाच बसलो होतो तेव्हा राग निघून गेला.

शेवटी गाडी मिळाली ती ओबातांच्या गॅरेजमध्ये. खाणीतला रविवार भरवतात तेच हे ओबाता, सातोएला 'वहिनी' म्हणणारे. गॅरेजच्या मागे गवतात एक करड्या रंगाची गाडी उभी होती. ओबातांनी दोष स्वतःच सांगितले, कारण लपवायला जागाच नव्हती. मागची काच वर जात नाही. हीटर बंद होत नाही. डावीकडे वळलं की आपोआप हॉर्न वाजतो. "सांगाडा धड आहे आणि चारही चाकं जोर लावतात, बाकी सगळं देवावर," असं ते म्हणाले. मी हातोडीनं ठोकलं, टण् वाजलं. मग मी आत बसलो. (कुठल्या बाजूला ते आता लिहीत नाही.) समोर धरायला जी आडवी मूठ असते, चढणीवर शेजारचा माणूस जिला लोंबकळतो, ती झिजून गुळगुळीत झाली होती. वरचं रबर गेलेलं, आतलं लोखंड चकाकत होतं. या गाडीत कुणीतरी वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून कुणाच्या तरी शेजारी बसलेलं होतं. मी लगेच म्हटलं, हीच द्या. ओबाता म्हणाले, "अहो, चालवून तर बघा!" मी त्यांना सोनेरी परवाना दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, बघितला, आणि आदरानं परत दिला.

आता गाडी अंगणात आहे. शेजारच्या उमेनो आजी (वय एक्याण्णव) रोज दुपारी येऊन तिच्यात बसतात, कारण हीटर बंद होत नाही. त्या उजवीकडे बसतात, मी डावीकडे बसतो, आम्ही चहा घेतो. परवा त्यांनी विचारलं, "आज कुठे जायचं?" मी म्हटलं, खाणीत. त्या म्हणाल्या, "लांब आहे बाई," आणि झोपी गेल्या. दुपार बरी गेली. गावात करमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

गाडी चालवण्याचं म्हणाल तर मी रीतसर शिकवणी लावली आहे. माझ्यासारखे परवाना असून न चालवणारे लोक या देशात इतके आहेत की त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात. शिकवणाऱ्या हिराओकाबाई तिशीच्या आहेत, पण धीर मोठा. प्रगती समाधानकारक आहे. येत्या नऊ नोव्हेंबरला मी स्वतः गाडी घेऊन खाणीत जाणार, वर कड्यापर्यंत चढणार, आणि तिथून दिसणारं गाव सातोएच्या वतीनं बघून येणार. हे सगळं मी एकटा करणार असल्यानं कुणाला तसदी द्यायचा प्रश्नच नाही. तुम्हाला नुसतं कळवावं म्हणून लिहिलं.

तुमचं जून महिन्यातलं कार्ड मिळालं होतं. डिसेंबरात पंचाहत्तर पूर्ण होण्याआधी परवाना पोलीस चौकीत जमा करून टाका म्हणून चिरंजीव मागे लागले आहेत, असं तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते वाचलं. मुलांचं बरोबरच असतं. खुब्याला शेक देत जा. सूनबाईंना सांगा, शेवाळ फार चांगलं होतं.

आपला आज्ञाधारक,
इसोगाइ केन्साकू

ता. क. प्रगती समाधानकारक, हे मी वर लिहिलं ते हिराओकाबाईंच्या धीराबद्दल लिहिलं. पहिल्या दिवशी गाडी अंगणातून निघाली ती फाटकाकडे न जाता मुळ्यांच्या वाफ्यात गेली आणि तिथेच रुतली. चारही चाकांना जोर असल्यामुळे ती चारही चाकांनी रुतली. ओबातांना ट्रॅक्टर घेऊन यावं लागलं. डोंगर चढणारी गाडी सपाट मुळ्यांतून ओढून काढायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली, असं ते म्हणाले. हिराओकाबाईंचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, "इसोगाइसान, तुम्ही वाट फार छान दाखवता." तिसऱ्या तासाला त्यांनीच गाडी फाटकातून अंगणात घेतली होती आणि मी पुढे उभा राहून हात दाखवले होते.

ता. क. दुसरा. खाणीचा नियम तुम्हाला माहीत असेलच. एकट्या माणसाची गाडी ओबाता आत सोडत नाहीत. एक चालवणारा, एक उतरून वाट दाखवणारा, दोघांची नावं आधी अर्जात लिहावी लागतात आणि सहीच्या जागी दोघांचे आडनावाचे शिक्के लागतात. मुदत काल संपत होती. मी अर्ज भरून दिला. वाट दाखवणारा: इसोगाइ केन्साकू. चालवणारा: त्सुकुदा मोरिओ. तुमच्याशिवाय दुसरं नाव मला सुचलं नाही. सातोएला गाडी शिकवली ती तुम्हीच, बाबांच्या भाताच्या ट्रकवर, ती सतरा वर्षांची असताना. ती तुमच्यासारखाच क्लच सोडायची.

ता. क. तिसरा. तुमचा शिक्का कुठून आणला, हे विचाराल. दुकानात तयार शिक्क्यांची ती गोल फिरणारी मांडणी असते, ती तीन वेळा फिरवली, त्सुकुदा नव्हता. मग घरी येऊन सातोएच्या टेबलाचा खण उघडला. लग्नाआधीचा तिचा शिक्का तिनं ठेवून दिला होता, लाल कापडात गुंडाळून. शाई लावून उठवला. तिचा ठसा नेहमी थोडा तिरका उठायचा, तसाच तो याही वेळी उठला. म्हणजे अर्जावर नाव तुमचं आणि शिक्का तिचा. कायद्यानं ही अफरातफर आहे. तुम्ही आला नाहीत तर मला ओबातांकडे जाऊन हे सांगावं लागेल, आणि ते ऐकून ते काही बोलणार नाहीत, हे मला जास्त कठीण जाईल. आठ तारखेला दुपारच्या बसनं या. मी थांब्यावर असेन. परवाना आणा, जमा करायचाच असेल तर दहा तारखेला करा. मी रागावलो होतो, मोरिओदादा. खूप. आता नाही. खाणीत तुम्हाला काही येत नसलं तरी चालेल. दगडांकडे बघू नका, कड्याकडे बघू नका. मी समोर उभा असेन, फक्त माझ्या हातांकडे बघा.

ता. क. शेवटचा. त्या दिवशी ऊन पडू दे अशी प्रार्थना करा, कारण पाऊस आला तर उजवीकडचा वायपर चालत नाही. डावीकडचा चालतो. गाडी घेताना मी दोन्ही बघायला हवे होते, पण तेव्हा मी डावीकडे बसलो होतो.